दारावरचे दोन ठोके

चढाच्या पायथ्याशी गाडी उभी केली, इंजिन बंद केलं आणि मान वर करून चढाची वाट न्याहाळली, की आजही मला लगेच उतरून ती चालून बघावीशी वाटते. वय एकाहत्तर. एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. राहात्याला घरी सून रोज सांगते, नाना, आता जरा स्वस्थ बसा. बसतो. पण मुरमाचा उभा चढ नुसता आठवला तरी खुर्चीत बसल्या बसल्या उजवा पाय ब्रेक शोधायला लागतो.

मी मूळचा कोपरगावकडचा, म्हणजे सपाटीचा माणूस. तरुणपणी उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर चालवला. आमच्याकडे चढ म्हणजे कालव्याचा पूल. पुढे अकोले तालुक्यातल्या डोंगरांवरून विजेच्या मोठ्या मनोऱ्यांची लाईन जाणार होती. त्या कामाच्या ठेकेदाराला जीप चालवणारी माणसं हवी होती. मी गेलो तो पंधरा दिवसांसाठी, आणि राहिलो पंचवीस वर्षं. सिमेंट, लोखंड, पाणी, मोजणीची यंत्रं आणि ती यंत्रं पोटाशी धरून बसलेले साहेब, हे सगळं जिथे बैलगाडीसुद्धा जात नाही तिथे पोचवायचं, हे माझं काम.

संपादकांनी सांगितलं, डोंगरात गाडी सांभाळून कशी चालवतात ते साध्या वाचकाला कळेल असं लिहा. लिहितो, आणि मनापासून लिहितो, कारण या विद्येइतकी मजा मला दुसऱ्या कशात आली नाही. पण याच लेखात मला आणखी एक काम उरकायचं आहे. बावीस वर्षांपूर्वी मी एका खोट्या जबाबावर सही केली. त्या सहीने देवराम नावाच्या एका चांगल्या माणसाचं नाव खराब झालं, ते अजून खराब आहे. तो हयात आहे, मी हयात आहे. आम्ही दोघं आहोत तोवर ते साफ झालं पाहिजे.

आधी विद्या सांगतो, म्हणजे गुन्हा कुठे झाला ते कळेल.

डोंगरात गाडी आधी पायांनी चालवायची. चढ कितीही ओळखीचा असो, खाली उतरून पूर्ण चालून बघायचा. काल होता तो दगड आज तिथे असेलच असं नाही. वाळलेल्या गवतावर सकाळचं दव असलं तर ते साबणासारखं होतं. पाय घसरला तर चाक घसरणार, इतका साधा हिशोब आहे. मग स्टिअरिंग धरायचं, पण अंगठे आत घालायचे नाहीत, बाहेर ठेवायचे. पुढचं चाक दगडावर आपटलं की स्टिअरिंग गर्रकन फिरतं आणि आतला अंगठा मोडतो. आमच्यातल्या जुन्या ड्रायव्हरांचे अंगठे बघून कोण कसं शिकलं ते सांगता येई.

चढ सरळ चढायचा, सरळ उतरायचा. अर्ध्यावर इंजिन बंद पडलं तर गाडी वळवण्याचा मोह होतो. तिथेच माणसं मरतात. आडवी झालेली गाडी लोळायला क्षण लागत नाही. ब्रेक दाबून धरायचा, रिव्हर्स गिअर टाकायचा आणि ज्या वाटेने आलो त्याच वाटेने, इंजिनच्या ताब्यात, हळूहळू सरळ मागे यायचं. उतरताना क्लचवर पाय ठेवायचा नाही. क्लच दाबला की गाडी इंजिनच्या हातातून सुटली. एकदा नगरचे एक बडे साहेब शेजारी बसले होते. गाडी मधेच थांबली तसे ते माझा दंड धरून सांगायला लागले, वळवा, अहो वळवा. मी म्हटलं, साहेब, मी मागे बघतोय, तुम्ही पुढे बघा आणि डोळे मिटा. त्यांनी खरंच डोळे मिटले. खाली आल्यावर म्हणाले, बरं झालं मला वळवायला येत नाही.

आमच्या जीपला दोन दांडे. मोठा दांडा गिअरचा, तो सगळ्यांना माहीत आहे. त्याच्या शेजारी छोटा दांडा. त्याने गाडीची ताकद चारही चाकांना मिळते आणि एकदम सावकाश, हत्तीच्या चालीने वर जायचा गिअर लागतो. त्याला आम्ही लो म्हणतो. हा छोटा दांडा पायथ्याशीच लोमध्ये टाकायचा असतो, चढावर नाही. कारण हाय, म्हणजे रोजच्या वेगाचा गिअर, आणि लो यांच्या मधे एक जागा आहे. दांडा तिथे अडकला तर इंजिनाचा चाकांशी काही संबंधच राहत नाही. मग मोठा दांडा तुम्ही पहिल्या गिअरमध्ये टाका नाहीतर देवघरात ठेवा, गाडी गिअरवर थांबणार नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल गाडी गिअरमध्ये आहे. ड्रायव्हरलाही वाटेल. फक्त उताराला खरं माहीत असतं.

आता शेवटची गोष्ट, ठोकळा. बाभळीच्या लाकडाचा, कोनात तासलेला, तळाला जुन्या टायरचं रबर ठोकलेला. असे दोन. चढावर गाडी थांबली की मागच्या चाकांखाली लावायचे. ते काम दुसऱ्या माणसाचं, जो गाडीबरोबर पायी चढतो. इंजिनचा आवाज, वरून वारा, तोंडाने बोललेलं ऐकू यायचं नाही. म्हणून आमची खूण ठरलेली होती. ड्रायव्हरने खिडकीतून हात काढून दारावर एक ठोका दिला की ठोकळा लाव. दोन ठोके दिले की काढ. ही पद्धत माझी नाही, माझ्याआधीच्या लोकांची. पण ती मी अंगात भिनवली होती. एक ठोका, दोन ठोके. आमचे जीव या एवढ्याशा हिशोबावर चालायचे.

माझा ठोकळेवाला देवराम. रतनवाडीच्या वरच्या अंगाला त्याची वस्ती. तेव्हा तिशीतला असेल, अंगाने काटक, बोलायला कमी, पण बोलला की टोचेल असं. पहिल्याच दिवशी मी चढाला घाबरलो हे त्याने ओळखलं. म्हणाला, नाना, तुमची गाडी चढंल वो, तुमीच खाली ऱ्हाताय. त्याला ड्रायव्हर व्हायचं होतं. दुपारी जेवण झालं की पठारावर सपाटीला मी त्याला स्टिअरिंग द्यायचो. त्याचा पाय हलका होता. गाडीला लाडाने घ्यायचा, म्हशीला पाण्यात उतरवावं तसं. मी त्याला शब्द दिला होता, या हंगामानंतर लायसन काढू, मग तू दुसऱ्या गाडीवर.

मार्गशीर्षातली सकाळ होती. आमच्या कामावर ज्याला सगळे करवंदीचा चढ म्हणत, तिथे जायचं होतं. उजव्या हाताला डोंगर, डाव्या हाताला चाळीस फूट खोल घळ. गाडीत मागे सिमेंटच्या गोण्या आणि एक तरुण इंजिनिअर, मांडीवर यंत्राची पेटी घेऊन. देवराम मागून चालत. मोजणीचे मोठे साहेब आधीच वर पोचले होते.

इथे माझी पहिली चूक. पायथ्याशी मी छोटा दांडा लोमध्ये टाकलाच नाही. आदल्या आठवड्यात मी तोच चढ मधल्या वळणापर्यंत हायमध्ये चढून दाखवला होता, दोघा-तिघांनी वाहवा केली होती. ती डोक्यात होती. त्या तरुण इंजिनिअरलाही दाखवावंसं वाटलं. वळणापर्यंत पोचलो, आणि इंजिन धापा टाकून बंद पडलं. दारावर एक ठोका दिला. देवरामने दोन्ही ठोकळे लावले. मागून त्याचा आवाज आला, लावलं.

दुसरी चूक. चढावर उभ्या गाडीत छोटा दांडा मी लोकडे ओढला. दाते कुरकुरले, दांडा हलला, मला वाटलं पडला. मोठा दांडा पहिल्यात टाकला. इंजिन चालू केलं, ब्रेकवर पाय, आणि दारावर दोन ठोके दिले.

मी दिले. आज, या वयात, शुद्धीवर राहून लिहितो. दोन ठोके दिले. तळहातावर पत्र्याची ती थंडी मला अजून आठवते.

देवरामने ठोकळे काढले आणि हातात घेतले. त्याच क्षणी वरून मोठ्या साहेबांनी शिट्टी मारली आणि दोन्ही हातांनी थांबा अशी खूण केली. वाटेवर मोजणीची फीत पसरलेली होती. मी चिडलो. इंजिन बंद केलं, गाडी पहिल्या गिअरमध्ये आहेच असं समजून हँडब्रेक ओढला आणि खाली उतरून तरातरा वर निघालो, किती वेळ लागणार ते विचारायला. खाली उतरताना एक ठोका द्यायचा, हा नियम मीच दहा जणांना शिकवला होता. तो दिला नाही. हँडब्रेकची तार ढिली झालेली होती हेही मला माहीत होतं. सकाळच्या तपासणीच्या कागदावर मी 'ब्रेक ठीक' असं लिहून आलो होतो.

दहा-बारा पावलं गेलो असेन. मागे खडी करकरली. टायरखालची खडी करकरते तो आवाज झोपेतही ओळखू येतो. वळून बघितलं तर गाडी मागे चालली होती. सुरुवातीला इतकी सावकाश, की कुणीतरी ती काळजीने मागे घेतंय असं वाटावं. आत इंजिनिअर पेटीला मिठी मारून बसलेला. त्याला ओरडायचंही सुचलं नाही.

देवराम पळाला नाही. गाडीच्या मागे, म्हणजे गाडी जिथे येत होती तिथे, तो खाली बसला. पहिला ठोकळा घळीकडच्या चाकाखाली टाकला. चाक त्याच्यावरून उडी मारून गेलं. तो दोन पावलं मागे सरकला, परत खाली बसला आणि दुसरा ठोकळा डोंगराकडच्या चाकाखाली दोन्ही हातांनी दाबून धरला. चाक ठोकळ्यावर चढलं आणि तिथेच अडलं. गाडीचं मागचं अंग उजवीकडे वळलं, डोंगराच्या मातीत घुसलं आणि सगळं थांबलं. घळ डाव्या हाताला तशीच राहिली. इंजिनिअरचं खांद्याजवळचं हाड मोडलं, पण माणूस वाचला. देवरामच्या उजव्या हाताची दोन बोटं ठोकळा आणि दगड यांच्यात सापडली होती.

मी धावत गाडीत चढलो. का चढलो? कुणाला वाटेल इंजिनिअरला बघायला. माझी नजर पहिल्यांदा गेली ती छोट्या दांड्यावर. तो मधे होता. हायमध्येही नाही, लोमध्येही नाही. बरोबर मधे. मी तो हळूच लोमध्ये ढकलला. कुणी बघितलं नाही. मग इंजिनिअरला हात दिला.

याहून वाईट काम मी आयुष्यात केलेलं नाही. आणि त्याला तीन सेकंदही लागले नव्हते.

देवरामला राजूरला नेलं, तिथून नगरला. बोटं राहिली, पण पुन्हा कधी वाकली नाहीत. महिन्याभराने ठेकेदाराच्या नगरच्या ऑफिसात चौकशी झाली. टेबलापलीकडे दोन साहेब, अलीकडे आम्ही दोघं. देवरामच्या हाताला पांढरी पट्टी. गाडी तपासणाऱ्याने लिहून दिलं होतं की दोन्ही दांडे जागेवर होते. साहेबांनी विचारलं, ठोकळे कुणी काढले. देवराम म्हणाला, मी काढले, दोन ठोके झाले म्हणून काढले. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. देवरामनेही बघितलं.

"नाना, तुमी वाजवले न्हवं?"

मी म्हणालो, "वाऱ्याने दार वाजलं असंल, देवा."

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या तोंडावर राग नव्हता. तो आठवत होता. खरंच वारा होता का, हे तो आठवून बघत होता. मी त्याच्यापेक्षा मोठा, त्याचा गुरू म्हणा, त्याला स्टिअरिंग देणारा. मी खोटं बोलेन हे त्याच्या मनात आलंच नाही. त्याने स्वतःच्या कानावरचा विश्वास सोडला, माझ्यावरचा सोडला नाही.

कागद झाला, 'मदतनिसाने इशाऱ्याविना ठोकळे काढले'. खाली माझी सही. देवरामला कामावरून कमी केलं. लायसनचं बोलणं तिथेच संपलं. मी कायम झालो. वर्षभराने डोंगरी गाड्यांच्या सगळ्या ड्रायव्हरांना शिकवायचं काम माझ्याकडे आलं.

शिकवताना उदाहरण लागतं. मी देवरामचं द्यायला लागलो. सुरुवातीला नाव न घेता. मग एकदा नाव तोंडातून गेलं. मग ते दर वेळी जायला लागलं, कारण गोष्ट रंगायची, पोरं हसायची. इशारा नसताना ठोकळा काढणारा देवा. मी ते खोटं इतक्या वेळा सांगितलं, की काही वर्षांनी सांगताना छातीत दुखायचंसुद्धा थांबलं.

निवृत्त होऊन घरी बसलो. मधे गुडघा झाला. गेल्या उन्हाळ्यात भंडारदऱ्याकडून संदीप नावाच्या तरुणाचा फोन आला. त्याचा तिकडे तंबूंचा व्यवसाय आहे. काजवे बघायला, धबधबे बघायला पुण्या-मुंबईचे लोक येतात, त्यांना डोंगरावर नेणाऱ्या स्थानिक जीपवाल्यांना चार धडे द्या म्हणाला. मी लगेच हो म्हटलं. सुनेने डोळे मोठे केले, मी बॅग भरली.

पहिला दिवस सुरेख गेला. पंचवीस-तीस ड्रायव्हर, स्वतःच्या गाड्या घेऊन आलेले. संदीपच्या रानातला चढ आखून घेतला होता. मी एकेकाला चालायला लावलं, अंगठे बाहेर काढायला लावले. पुण्याचा एक हौशी गृहस्थही आला होता, नवी कोरी गाडी घेऊन. म्हणाला, माझी गाडी उतारावर आपोआप सावकाश उतरते, बटण आहे. मी म्हटलं, छान आहे, आता बटणाला विचारा खाली गवत ओलं आहे का. तो हसला आणि बूट काढून चालत गेला. मला इतका जोर चढला होता की गुडघा दुखतोय हे जेवताना कळलं.

दुपारी ठोकळ्याचा धडा सुरू केला. एक ठोका, दोन ठोके. एका ड्रायव्हरने चाकाखाली ठोकळा तिरका लावला. दुसरा लांबून म्हणाला, "आरं नीट लाव की. देवाचा ठोकळा नको."

सगळे हसले. मी विचारलं, म्हणजे काय रे. तो म्हणाला, तसं म्हणत्यात इकडं, नाना. भरवशाचं नसलेलं काम म्हंजी देवाचा ठोकळा. कुणी निरोप द्यायचा विसरला, कुणी दार उघडं टाकलं, की म्हणायचं. कुठून आलं ते त्याला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. माझ्या तोंडातून आलं होतं.

रतनवाडीकडचा एक जण म्हणाला, "त्यो देवराम हाय अजून. आमच्याच वस्तीत." आणि मग हसत हसत त्याने सांगितलं ते असं. वस्तीवर कुणाचीही गाडी येऊन उभी राहिली, की देवराम कुठूनतरी येतो आणि चाकामागे दगड लावतो. सपाटीला असली तरी लावतो. मोटारसायकलला लावतो. लग्नाच्या वऱ्हाडाची बस आली होती, तिच्या सहाही चाकांना लावले. मग अर्ध्या तासाने परत येऊन बघतो, दगड आहेत ना. "डोक्यानं जरा हललंय," तो म्हणाला. "पन माणूस लई गरीब."

त्या दुपारी पुढे मी काय शिकवलं ते मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी संदीपची जीप मागून घेतली आणि वस्तीवर गेलो. बावीस वर्षांनी. रस्ता आता डांबरी आहे, शेवटचा तुकडा सोडून. तो तुकडा दगडांचा, उभा. छोटा दांडा पायथ्याशीच लोमध्ये टाकला. गाडीने मला वर नेलं, जशी ती नेहमी नेते. अंगणासमोर थांबलो. इंजिन बंद करून दार उघडणार, तेवढ्यात मागे दगड ठेवल्याचा आवाज आला. मग दुसरा.

उतरलो. तो चाकापाशी उकिडवा बसला होता. केस पांढरे, हात तेच. उजव्या हाताची दोन बोटं सरळ, बाकीच्यांपासून वेगळी पडलेली. त्याने वर बघितलं.

"नाना? तुमी हाय व्हय? म्हातारं झालासा की."

मी म्हणालो, तुझ्याशी बोलायचं आहे, देवा. तो म्हणाला, बसा, चहा टाकतीय ती. मी बसलो नाही. बसलो असतो तर पुन्हा वाऱ्याचंच बोललो असतो. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. छोटा दांडा मधे होता ते. तो मी ढकलला ते. तार ढिली होती ते. आणि ठोके.

तो उठला, गाडीच्या दाराला हात लावला. मग त्याने विचारलं ते एवढंच.

"म्हंजी दोन वाजले हुते?"

"दोन. मीच वाजवले."

"वारं न्हवतं?"

"नव्हतं, देवा. वारा नव्हता त्या दिवशी."

तो घराच्या दाराकडे वळला. आत त्याची बायको चुलीपाशी होती.

"ऐकलंस का गं," तो म्हणाला. "दोन हुते. मी ऐकलंच हुतं."

ती पदराला हात पुसत बाहेर आली. माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "बावीस वर्सं ह्यो मानूस रातचा उठून दाराला हात लावून बघतोय, वाऱ्यानं वाजतंय का. आन् तुमी आता आलासा." चहा तिने दिला नाही. तिचं बरोबर होतं.

मी माफीचं काहीतरी बोलायला लागलो. देवरामने हात वर केला, ती दोन सरळ बोटं तशीच. "ते माज्यापाशी नका बोलू. माजं मला कळलं. त्या पोरास्नी सांगा. राजूरच्या जीप स्टँडवर सांगा. आन् लिवा कुठंतरी. कागदावर सही हाय न्हवं तुमची? मग हे बी कागदावर येऊं द्या."

म्हणून हा लेख. ठेकेदाराचं ऑफिस आता नाही, ती फाईल कुठे आहे कुणाला ठाऊक नाही. माझ्याजवळ हाच कागद आहे. वाचणाऱ्यांनी कृपा करून लक्षात ठेवावं, देवरामने ठोकळे इशाऱ्यावर काढले आणि मग स्वतःचा हात घालून एका माणसाचा जीव वाचवला. गाडी माझ्यामुळे गेली.

राजूरला सांगितलं त्याबद्दल फार लिहीत नाही. स्टँडवर जीपच्या पायरीवर उभा राहून बोललो. काही लोक ऐकून पांगले, एक म्हातारा माझ्या पायापाशी थुंकून गेला. पण तिसऱ्या दिवशी, शिबिराच्या शेवटी, जे झालं ते लिहिलंच पाहिजे.

देवराम आला होता. पांढरा सदरा घालून, कुणी बोलावलं नसताना. सगळ्या ड्रायव्हरांसमोर मी पहिल्यापासून सांगितलं. कुणी हसलं नाही. ज्याने देवाचा ठोकळा म्हटलं होतं तो खाली मान घालून बसला. बोलून झाल्यावर मी देवरामला विचारलं, एक धडा राहिलाय आपला, घेतोस का. तो जीपकडे बघत होता. मी किल्ली पुढे केली. संदीपचंच रान, संदीपचाच चढ, आखून दिलेला, खाली पसरट गवत. धोका नव्हता.

तो बसला. मी मागे गेलो आणि ठोकळे उचलले. एकाहत्तर वर्षांचा माणूस, दोन्ही हातांत बाभळीचे ठोकळे. दोन पोरं मदतीला पुढे आली, त्यांना मी लांब केलं.

देवराम घाईत नव्हता. आधी उतरून पूर्ण चढ चालून आला. गवतावर पाय घासून बघितला. परत बसला. छोटा दांडा लोमध्ये टाकला, मग खिडकीतून डोकं काढून मोठ्याने म्हणाला, "पडलाय. हलवून बघितला." हँडब्रेक ओढला, सोडला, परत ओढला. "तार बरी हाय." सगळं मला ऐकू जाईल असं. अंगठे स्टिअरिंगच्या बाहेर. ती दोन सरळ बोटं आडव्या दांडीवर टेकवलेली, न वाकता.

गाडी चढायला लागली. मी मागून. त्याचा पाय अजून हलका होता. तिरकं जाणं नाही, ओरडणारं इंजिन नाही, खडीचा एक दाणा उडाला नाही. गुडघा विसरून मी मागे चाललो होतो. माझ्या मागे तीस माणसं चालत होती. अर्ध्या चढावर त्याने गाडी मुद्दाम थांबवली.

दारावर एक ठोका पडला.

मी खाली बसलो आणि दोन्ही चाकांमागे ठोकळे लावले. नीट, सरळ, दाबून. "लावलं," मी ओरडलो.

मग काही झालं नाही. इंजिन संथ गुरगुरत होतं. मी चाकापाशी उकिडवा बसून होतो, कान दाराकडे. चढावर मागून गाडीकडे बघत बसणं काय असतं, ते मला पंचवीस वर्षांत कधी कळलं नव्हतं. समोर नुसता लोखंडाचा डोंगर, आणि ऐकायचं फक्त एका माणसाच्या हाताचं. त्याने मला किती वेळ बसवलं कोण जाणे. मला बसवायलाच हवं होतं.

खिडकीतून त्याचा उजवा हात बाहेर आला. दोन सरळ बोटं पत्र्यावर पडली. एकदा. आणि पुन्हा एकदा.

मी ठोकळे काढले.